पुळणीवरचा पांढरा बैल

श्रोतेहो, नमस्कार.

२०१४ साली बंदी आलेल्या बैलगाडी शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये सशर्त परवानगी दिली आणि रायगडच्या किनाऱ्यावर छकडे पुन्हा धावू लागले. त्यांची छायाचित्रे काढायला जाणाऱ्या हौशी मंडळींची एक तक्रार मी वारंवार ऐकतो. ऊन लखलखीत असते, कॅमेराही चांगला असतो. तरी एका चित्रात बैल राखाडी दिसतो आणि पुढच्याच चित्रात कागदासारखा कोरा.

याचे मूळ कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकात आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असावे, असे तो धरून चालतो. त्यामुळे कोरडी, उन्हात चमकणारी पुळण चौकटभर पसरली की तो चित्र काळवंडून टाकतो. तीच जोडी क्षणभराने ओल्या, काळपट वाळूवरून किंवा गर्दीच्या सावलीपुढून गेली की तो उजेड वाढवतो आणि खिलार बैलाची पांढरी कातडी चित्रात जळून जाते, म्हणजे कोरी पांढरी पडते. वास्तविक जोडीवर पडणारे ऊन दोन्ही वेळा तेच असते, बदलते ती फक्त पार्श्वभूमी. म्हणून अशा ठिकाणी स्वयंचलित मापन बंद करावे आणि सगळे आकडे एकदाच हाताने ठरवून टाकावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

निरभ्र दुपारी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) २००, अ‍ॅपर्चर (लेन्सचे उजेड आत घेणारे छिद्र) एफ ५.६ आणि शटर १/१६०० सेकंद, येथून सुरुवात करावी. एवढ्या वेगात खुरांनी उडवलेली वाळूही हवेत थिजते. मग शर्यतीपूर्वी उन्हात उभ्या असलेल्या बैलाच्या वशिंडाचे एक चित्र काढून पडद्यावर मोठे करून पाहावे. वशिंडाच्या बुडाशी कातडीच्या बारीक वळ्या दिसल्या, तर आकडे बरोबर आहेत. तिथे नुसता पांढरा डाग दिसला, तर शटर आणखी वेगवान करावे. गाडीवानाचा चेहरा थोडा काळा येईल, पण त्याची चिंता करू नये, कारण वाळूवरून परतलेला उजेड टोपीखालची सावली बरीचशी उजळतो आणि उरलेली नंतर संगणकावर उचलता येते. जळालेली कातडी मात्र परत येत नाही. वाळूवर एक स्टॉप वाढवा, म्हणजे मापकाने सांगितलेल्या उजेडाच्या दुप्पट उजेड घ्या, हा पुस्तकी सल्ला तारकर्लीच्या पांढऱ्या पुळणीवर लागू पडतो. अलिबागच्या काळसर वाळूवर त्याने घोटाळाच होतो.

आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर जमिनीच्या बाजूने पाहिले तर जोडी उन्हाच्या विरुद्ध येते. तेव्हा उडालेल्या पाण्याला आणि वाळूला चंदेरी कड मिळते, पण बैलाचा चेहरा अंधारात जातो. समुद्राच्या बाजूला उभे राहिले तर रंग मिळतात आणि पायही भिजतात. शर्यती ओहोटीच्या वेळी होतात आणि अष्टमीच्या सुमारास ओहोटी भर दुपारी येते. डोक्यावरच्या त्या सपाट उजेडात मी चित्रांची फारशी अपेक्षा ठेवत नाही. कुठेही उभे राहा, पण अंतिम रेषेच्या सरळ पुढे कधीही नको; तिथे पोहोचल्यावर बैल लगेच थांबत नाहीत. दूरचे जवळ दाखवणारी २०० ते ३०० मिलिमीटरची लेन्स त्यासाठीच वापरायची. फोकस अखंड चालू ठेवून त्याचा बिंदू जवळच्या बैलाच्या कपाळावर धरावा, नाही तर कॅमेरा उडत्या वाळूच्या मागे लागतो.

आता वाळूविषयी. किनाऱ्यावर लेन्स बदलू नये आणि पिशवी जमिनीवर टेकवू नये. काच सदऱ्याने पुसू नये. मी एकदा पुसली आणि फिल्टरवर आडवा ओरखडा उमटला. आधी रबरी फुग्याने कण उडवावेत, कापड त्यानंतर. ज्या झूम लेन्सची नळी बाहेर येते, ती आत-बाहेर होताना हवा ओढते आणि हवेबरोबर वाळूही. झूम फिरवताना करकर असा बारीक आवाज आला, तर हात तिथेच थांबवावा. जोर केला तर तो कण आणखी आत जातो आणि मग लेन्स उघडण्याचे काम दुरुस्ती करणाऱ्यावरच सोपवावे लागते.