घाण्यावरचा वास

आमच्या कॅमेऱ्यापुढचे हे शिवार परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यातले आहे. फेब्रुवारी सरत आला आहे, करडई वाळली आहे आणि काढणीला आलेल्या बायकांनी हातांना जुन्या लुगड्यांच्या चिंध्या व पायांना गोणपाट गुंडाळले आहे. दवामुळे काटे मऊ असतात तोवरच हे काम उरकावे लागते. ऊन चढले की या ओळींत माणूस शिरू शकत नाही. काट्यांमुळे जनावरही या पिकाला तोंड लावत नाही, म्हणून ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी पेरण्याची पद्धत मराठवाड्यात पूर्वापार होती. ऑक्टोबरात पेरलेली करडई काळ्या मातीत खोल मुळे सोडते आणि परतीच्या पावसाच्या ओलीवर उभी राहते.

बडवलेल्या बोंडांतून पडणारा हा दाणा पांढरा, गुळगुळीत आणि चार कडांचा असतो. तो तळहातावर चोळून नाकाशी नेला तरी वास जवळजवळ येत नाही. वास घाण्यावर सुटतो.

आता घाण्याकडे पाहू. बैल केव्हाच गेला आणि त्याच्या जागी मोटार आली, परंतु उभी फिरणारी ही लाट, म्हणजे दाणा चिरडणारा दांडा, अजून लाकडाचीच आहे. करडईचे टरफल जाड असल्यामुळे दाणा आधी भरडून पाखडतात, मात्र थोडे टरफल मुद्दाम राहू देतात, कारण घाणेवाले काका सांगतात त्याप्रमाणे त्यावाचून लाटेला पकड येत नाही. भरड घाण्यात ओतली की काका मधूनमधून पाण्याचा शिपका मारतात, कडेला चढलेला माल हाताने आत सारतात आणि लाटेचा आवाज बदलला की काही न बोलता मोटारीची गती कमी करतात. आधी सगळा लगदा नुसता ओलसर दिसतो. मग त्यावर चकाकी येते, आणि मग हे पाहा, खालच्या तोटीतून पहिली धार येते, गढूळ, पिवळसर आणि कोमट. हे तेल लगेच विकत नाहीत. ते काही दिवस पिंपात निवळू देतात, वरचे नितळ तेल काढून घेतात आणि पेंड जनावरांसाठी वेगळी ठेवतात. या सगळ्या वेळात खोलीत एक वास भरून राहतो. कच्चा दाणा, थोडे वाळलेले गवत आणि तळाशी किंचित खमंगपणा, अशी त्याची ढोबळ फोड करता येईल. अधिक नेमके सांगण्याची सोय भाषेत नाही, कॅमेऱ्यात तर नाहीच.

तेल न्यायला आलेल्या या आजींनी झाकण उघडून बरणी नाकाशी नेली आणि त्या थेट माहेरच्या चुलीपुढे जाऊन बसल्या. "आमची माय कारळाच्या चटणीत बोटानं खळगी करायची, अन् त्यात हे तेल सोडायची," असे त्या म्हणतात. पुढचे त्यांनी सांगितले नाही. आम्ही विचारलेही नाही.

हे असे का घडते, याचे उत्तर बरेचसे शरीररचनेत आहे. डोळ्यांकडून आणि कानांकडून येणारे संदेश थॅलॅमस नावाच्या केंद्रातून पुढे जातात. वासाला ही देवडी लागत नाही. नाकाच्या छताशी असलेल्या पेशींकडून तो मेंदूच्या तळाशी असलेल्या गंधकंदात पोहोचतो आणि तेथून भावना व स्मृती यांच्याशी निगडित भागांकडे जवळच्या वाटेने जातो. गंध टिपणाऱ्या ग्राहकांचे, म्हणजे नाकातल्या पेशींवरच्या प्रथिनांचे, जनुककुल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्या कामाला 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाकडे अशा ग्राहकांचे सुमारे 400 प्रकार आहेत. त्याहून आपल्या कामाची गोष्ट अशी की वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, तर शब्दांनी जाग्या होणाऱ्या त्यानंतरच्या, असे अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे आजींच्या नाकात जे आहे, ते त्यांच्या परकरातल्या दिवसांत साठलेले आहे.

गावात वासांविषयी विचारले तेव्हा बहुतेकांनी आधी मृगाच्या पावसाचे नाव घेतले. त्या वासावर इतके लिहून झाले आहे की आम्ही तो सोडून दिला. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्यांची पूड, मात्र सोडवला नाही. लग्नघरी येसर भाजायला घेतला की धान्य आणि मसाल्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो, आणि या काकू सांगतात की तो आला की त्यांना अजूनही मांडवातली सनई ऐकू येते. मसाल्यातले दगडफूल कोरडे असताना फारसे काही सांगत नाही. गरम तेलात पडले की मगच ते खुलते. ते तेल कोणते, हा प्रश्न येथे येतोच.

शुद्धीकरणाच्या कारखान्यात शेवटच्या टप्प्यावर निर्वात टाकीत तापलेल्या तेलातून वाफ सोडतात आणि त्याचा वास काढून टाकतात. पिशवीतले तेल त्यामुळे टिकते आणि स्वस्तही पडते, हे मान्य. पण त्याला घर नसते. सोयाबीन आणि हरभरा वाढला, काट्यांत शिरायला मजूर मिळेना, करडईचे क्षेत्र आटले आणि बरेच घाणे बंद पडले.

गावच्या शाळेत सहावीच्या मुलांपुढे आम्ही झाकलेल्या वाट्या ठेवल्या. शेंगदाण्याचे तेल त्यांनी ओळखले, आणि नूडल्सचा मसाला तर झाकण पुरते निघण्याआधीच. करडईच्या वाटीशी एक जण "औषध" म्हणाला, बाकीचे हसले. त्यांच्या आठवणी मसाल्याच्या पुडीला चिकटतील आणि त्यांच्यासाठी त्या तितक्याच खऱ्या असतील. आम्हाला त्याचे वाईट वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने "परभणी कुसुम" हा वाण दिला आहे आणि फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याची करडईही तयार केली आहे, तेव्हा बियाण्याची अडचण नाही. अडचण भावाची आहे. काकांचे निम्मे तेल पुण्याला आणि संभाजीनगरला गेलेल्या याच भागातल्या घरांत जाते, ते एसटीच्या पार्सलने पाठवतात आणि ते पुरत नाही. म्हणून त्यांनी यंदा ओळखीच्या शेतकऱ्यांना मोंढ्यापेक्षा, म्हणजे धान्यबाजारापेक्षा, जास्त भाव पेरणीआधीच कबूल केला आहे. दोघांनी होकार दिला आहे, तिसरे अजून हरभऱ्याचा हिशेब करत आहेत.