घोड्याच्या आयाळीजवळचा ओरखडा

श्रोतेहो, नमस्कार.

गाडीवर ओरखडा उठला की पोटात कसं धस्स होतं, हे गाडी असणाऱ्यांना सांगायला नको. त्यात तो ओरखडा नेमका स्टिकरला लागून असला, दारावरच्या व्हिनाईलच्या, म्हणजे चिकटणाऱ्या प्लॅस्टिक फिल्मच्या, पट्ट्याला, एखाद्या चित्राला, तर हात घालायचा धीरच होत नाही. रंग घासावा तर स्टिकरची कड उचकटते. स्टिकर जपावा तर ओरखडा तसाच राहतो. आज मी या कडेबद्दलच बोलणार आहे.

मुळात गाडीचा रंग किती पातळ असतो, ते आधी ऐका. पत्र्यावर गंज थोपवणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात. 1,000 मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. एकटा क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा. पॉलिश करताना आपण ओरखडा भरत नसतो, तर त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून त्याच्या पातळीला आणत असतो. म्हणून टूथपेस्ट लावून ओरखडे घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर माझ्या जिवाला फार लागतं. दात घासायची वस्तू दातांसाठी असू द्या.

तेव्हा पहिली गोष्ट, नख फिरवा. गाडी धुवून पुसून कोरडी करा आणि ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही आणि पाण्याचा हात लावल्यावर ओरखडा दिसेनासा झाला, तर तो क्लिअर कोटमध्येच आहे, पॉलिशनं जाईल. नख अडकलं तर पॉलिशच्या भानगडीत पडू नका, तिथं रंग भरावा लागेल. पुन्हा सांगतो, आधी नख, मग पॉलिश.

आता ताईच्या गाडीची गोष्ट सांगतो, कारण मी जे शिकलो ते त्या गाडीवर शिकलो.

ताईची गाडी लाल. मागच्या दारावर काळा धावता घोडा, व्हिनाईलचा, आयाळ वाऱ्यावर उडालेली, आयाळीची टोकं सुईसारखी बारीक. गाडी घेतली त्याच आठवड्यात तिनं तो हौसेनं लावून घेतला होता. सात वर्षांनी एका सायकलचं हँडल दाराला घासलं आणि बरोबर आयाळीच्या दोन टोकांमधून वीतभर ओरखडा गेला. ताईचा फोन आला, “अरे, घोड्याला धक्का न लावता एवढं नीट करून दे.” मी म्हटलं, “येतो, पण मी येईपर्यंत कशानंही घासू नकोस.”

गेलो. गाडी धुतली, नख फिरवलं. हँडलच्या ओरखड्यात नख अडकलं नाही. पाणी लावलं, ओरखडा गायब. मला हायसं वाटलं. आयाळीच्या टोकांवर मास्किंग टेप लावली, मऊ स्पंजावर वाटाण्याएवढं पॉलिश घेतलं आणि हातानं घासायला लागलो. मशीन घेतलं नाही. मशीनच्या फिरत्या पॅडनं अशी बारीक टोकं आधी पकडली असती. हात फिरवायचा तो स्टिकरच्या कडेपासून बाहेर, कडेकडे कधीच नाही. लक्षात ठेवा, कडेपासून बाहेर. कडेकडे घासलं की पॉलिश स्टिकरखाली शिरतं, वाळून पांढरी रेघ होते आणि ती पुढे कितीही पुसली तरी निघता निघत नाही.

अर्ध्या तासात ओरखडा गेला. मी टेप काढली, चित्राच्या आतून बाहेरच्या दिशेनं, सावकाश, आणि सवयीनं कडेवर बोट फिरवलं. बोट थांबलं. घोड्याच्या कडेला अगदी खेटून एक खाच होती. पाठीवरून, आयाळीच्या एकेका टोकाभोवती, पायांवरून, सगळ्या घोड्याभोवती केसासारखी खाच. नख फिरवलं तर ते त्यात बसलं. पोटाखालच्या एका ठिकाणी तांबूस ठिपका दिसत होता. तो गंज होता.

ही खाच सायकलची नव्हती. स्टिकर लावताना मोठा तुकडा दारावर चिकटवून गाडीवरच कटर चालवलं होतं. व्हिनाईलची जाडी 50 ते 100 मायक्रॉन, खालचा सगळा रंग शंभर-दीडशेचा. कटर धरणाऱ्या हाताला यातला फरक कळत नाही. सात वर्षं पाणी त्या खाचेत जात होतं. ताई नुसती बघत उभी राहिली. मग म्हणाली, “म्हणजे दुखणं घोड्याखालीच होतं.”

घोडा काढावा लागणार होता. काढण्याआधी मी त्यावर बटर पेपर ठेवून पेन्सिलीनं त्याची अख्खी बाह्यरेषा उतरवून घेतली. दाराच्या हँडलपासूनचं अंतरही मोजून लिहिलं. हे काम आधीच करायचं असतं, काढल्यावर ते हातातून गेलं. मग हेअर ड्रायर. व्हिनाईल हाताला कढत लागेल इतपतच तापवायचं आणि पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, मागे दुमडत ओढायचं. सरळ वर ओढलं तर फाटतं आणि गोंद गाडीवर राहतो. शेपटीपासून आयाळीपर्यंत पाऊण तास लागला. राहिलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काढला. थिनर जवळही आणू नका, तो गोंदाबरोबर रंगही मऊ करतो.

घोडा निघाला आणि तरी घोडा तिथंच! सात वर्षांच्या उन्हानं दार फिकं पडलं होतं आणि स्टिकरखालचं लाल मात्र नवं कोरं राहिलं होतं. दारावर गडद लाल घोडा धावत होता, आयाळीच्या टोकांसकट. भाचा त्यावर तळहात ठेवून म्हणाला, “मामा, हा पुसू नकोस ना.” तो पुसणं शक्यच नव्हतं. पॉलिशनं फिका भाग थोडा उजळतो, पण सात वर्षांचं ऊन परत फिरत नाही.

गंजाचा ठिपका बारीक वॉटर पेपरनं, म्हणजे पाण्यात भिजवून वापरता येणाऱ्या पॉलिश पेपरनं, स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत घासला, त्यावर प्रायमर टेकवला. खाचेत टचअपचा रंग टूथपिकच्या टोकानं भरला, एकावर एक पातळ थर, प्रत्येक थर वाळू देत. वर क्लिअर कोट. पूर्ण कडक झाल्यावर उंचवटा 2000 नंबरच्या वॉटर पेपरनं, साबणाच्या पाण्यात भिजवून, जेमतेम सपाट केला आणि मग पॉलिश.

रंग मात्र नेमका हवा. त्याचा कोड बहुधा दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. नुसतं “लाल द्या” म्हणून चालत नाही. या कोडबद्दल गाडीबरोबरच्या पुस्तिकेतही बघावं. पण त्या पुस्तिका घरोघरी प्लॅस्टिकमध्ये बंद पडलेल्या असतात. वॉशिंग मशीनची, मिक्सरची, गाडीची, एकही उघडलेली नसते. एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून त्या वाचाव्यात असं मला मनापासून वाटतं.

असो. नव्या रंगावर लगेच स्टिकर लावायचा नाही. रंगातलं द्रावक उडून जायला वेळ लागतो. वर व्हिनाईल बसवलं तर खाली फुगे धरतात आणि पुढे स्टिकर काढताना रंगही सोबत निघू शकतो. ताईला मी पूर्ण महिना थांबवलं. महिनाभर गाडी त्या लाल घोड्यावरच फिरली.

मग बटर पेपरवरच्या रेषेबाहेर सगळीकडून 3 मिलिमीटर वाढवून नवा घोडा कापून घेतला, टेबलावर, गाडीवर नाही. खाच झाकली गेली, गडद लालही झाकलं गेलं. आयाळीची टोकं मुद्दाम गोल ठेवली, कारण अणकुचीदार टोक आधी उचलतं. ज्यांना गाडीवरच कापावं लागतं त्यांच्यासाठी दोरा असलेली टेप मिळते. ती स्टिकरखाली लावतात आणि वरून दोरा ओढला की व्हिनाईल कापलं जातं, रंगाला पातं लागतच नाही. स्टिकर लावून घ्यायला जाल तेव्हा एवढं विचाराच, गाडीवर पातं चालवणार का?

एक राहिलं. ओरखडा स्टिकरवरच असेल तर त्याला पॉलिश लावू नका. तिथं क्लिअर कोट नसतो, छापील चित्र असेल तर घासून चट्टाच पडतो. तेवढा भाग बदलायचा. गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा कडेवर तिरका मारू नका, समोरून आणि लांबून मारा.

ताईच्या घोड्याचा तो बटर पेपर गुंडाळी करून डिकीत ठेवला आहे. कोपऱ्यात रंगाचा कोड लिहिलाय आणि खाली भाच्यानं पेन्सिलीनं घोड्याला डोळा काढलाय.

नमस्कार.