पदक मिळाल्यावर उरलेला चित्रपट

(चित्रपट रसास्वादाच्या वर्गात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, खेळाडूंवरच्या चित्रपटांचा साचा आता आपल्याला तोंडपाठ झालाय. घरची गरिबी, तिरसट पण मनाचा चांगला कोच, मध्ये एक जिव्हारी लागणारा पराभव, मग पहाटेच्या अंधारात धावणं, त्यावर ढोल, आणि शेवटी राष्ट्रगीत. राष्ट्रगीत झालं की डोळे पुसायचे आणि पार्किंगकडे निघायचं. आज ज्या चित्रपटाबद्दल मी बोलणार आहे, त्यातही मुलीच्या गळ्यात सुवर्णपदक पडतं. फक्त ते पडतं तेव्हा चित्रपट संपायला अजून बराच वेळ असतो. माझ्या मते खरा चित्रपट तिथूनच सुरू होतो.

चित्रपटाचं नाव 'द फायर इनसाइड'. डिसेंबर 2024 मध्ये, ऐन नाताळच्या दिवशी, अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शिका रेचल मॉरिसन. मूळच्या त्या छायाचित्रणकार. छायाचित्रणाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेली पहिली बाई. पटकथा 'मूनलाइट'वाल्या बॅरी जेंकिन्सची. या चित्रपटाचं शूटिंग मार्च 2020 मध्ये सुरू झालं आणि दोनच दिवसांत कोरोनाने बंद पडलं. निर्माते बदलले, कोचच्या भूमिकेतला नट बदलला आणि काम पुन्हा सुरू व्हायला 2022 उजाडलं. एवढ्या अडचणीतून गेलेला चित्रपट बहुधा थकलेला वाटतो, हा मात्र तसा वाटत नाही.

गोष्ट एका बॉक्सर मुलीची आहे, आणि खरी आहे. क्लॅरेसा शील्ड्स, जन्म 1995, गाव फ्लिंट, राज्य मिशिगन. जनरल मोटर्स ही कंपनी 1908 मध्ये याच गावात स्थापन झाली. 1936-37 मध्ये इथल्या कामगारांनी कारखान्यातच ठिय्या मारून जो संप केला, तो अमेरिकेच्या कामगार चळवळीतला मोठा टप्पा मानतात. पुढे कारखाने बंद पडत गेले, माणसं गाव सोडून गेली, मागे रिकामी घरं राहिली. गिरणी संपानंतरचं लालबाग-परळ ज्यांनी पाहिलंय त्यांना आणखी वर्णनाची गरज नाही. नळाच्या पाण्यात शिसं आलं, त्या प्रकरणामुळे जगाला फ्लिंट माहीत झालं, पण ते 2014 नंतरचं. आपली गोष्ट त्याआधीची आहे.

क्लॅरेसाचे वडील तरुणपणी बेकायदा मुष्टियुद्धं खेळलेले. ती दोन वर्षांची असताना ते तुरुंगात गेले आणि ती नऊ वर्षांची झाल्यावर सुटून आले. बॉक्सिंगचं वेड तिला त्यांच्याच बोलण्यातून लागलं. तेच वडील नंतर म्हणाले की हा पुरुषांचा खेळ आहे! अकरा वर्षांची पोर जिममध्ये जाऊन उभी राहिली, तर तिथले कोच जेसन क्रचफील्ड यांनाही मुलींना शिकवायचं नव्हतं. क्रचफील्ड म्हणजे कुणी नावाजलेले प्रशिक्षक नव्हेत. दिवसभर पोटापाण्याची नोकरी करायची आणि संध्याकाळी मोहल्ल्यातल्या पोरांना फुकट शिकवायचं, अशातला माणूस. आपल्याकडे तालमीतले वस्ताद असतात, अगदी तसे. ब्रायन टायरी हेन्रीने हा माणूस असा उभा केलाय की बऱ्याच प्रसंगांत आपली नजर नायिकेला सोडून त्याच्याकडे जाते. रायन डेस्टिनीची क्लॅरेसा उत्तम आहेच, पण हेन्री नुसता खुर्चीवर बसला तरी त्या बसण्यातून दिवसभराच्या कामाचा शीण कळतो.

आता थोडं तिच्या बॉक्सिंगविषयी, कारण चित्रपटावर लिहिणारे याबद्दल लिहीतच नाहीत. तिचं टोपणनाव टी-रेक्स. डायनोसॉरांतला तो, आखूड हातांचा. हात आखूड म्हणजे बॉक्सरची निम्मी पंचाईत. समोरचीचे हात लांब असले की ती लांबूनच जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मारत गुण गोळा करते, आणि तुमचे ठोसे हवेत जातात. यावर उपाय एकच: डोकं हलवत, जॅबच्या खालून आत शिरायचं आणि बरगड्यांच्या टप्प्यात पोहोचल्यावर हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, चालवायचा. म्हणजे मारण्यासाठी आधी माराच्या टप्प्यात जावं लागतं. त्या वेळी स्पर्धेत दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या असायच्या. तेवढ्यात हे करायचं तर बिचकून चालत नाही. तिच्या खेळात जो आक्रमकपणा दिसतो, तो निम्मा स्वभावाचा आणि निम्मा शरीराच्या मापाचा हिशेब आहे. मॉरिसनने लढती चित्रित करताना हे ओळखलंय. कॅमेरा तिच्या खांद्याजवळ राहतो, आत शिरतो आणि समोरचीचा श्वास ऐकू येईपर्यंत हटत नाही.

2012 चं लंडन ऑलिंपिक. मुष्टियुद्ध आधुनिक ऑलिंपिकमध्ये 1904 पासून आहे, पण बायकांना पदकासाठी रिंगणात उतरू दिलं ते थेट 2012 मध्ये. पुरुषांचे दहा वजनगट, बायकांचे तीन: 51, 60 आणि 75 किलो. एकूण 36 बायका. आपली मेरी कोम तोवर पाच वेळा जगज्जेती झालेली, पण तिची लढण्याची वजनं 46-48 किलोची. ऑलिंपिकमध्ये तो गटच नाही. म्हणून तिला 51 मध्ये यावं लागलं, म्हणजे स्वतःपेक्षा अंगाने मोठ्या मुलींशी लढावं लागलं. त्या गटात उपांत्य फेरीत इंग्लंडच्या निकोला अॅडम्सने तिला 11-6 असं हरवलं, आणि तिला ब्राँझ मिळालं. आपण ते ब्राँझ म्हणून मोजतो. वजनकाट्याच्या हिशेबाने ते केवढं आहे, हे सांगायला कुणी तरी बॉक्सिंगवाला भेटावा लागतो.

एक मजेशीर गोष्ट सांगतो. मजेशीर म्हणजे, राग यावा अशी. ऑलिंपिकमध्ये बायकांना प्रवेश मिळाल्याबरोबर मुष्टियुद्धाच्या जागतिक संघटनेच्या डोक्यात काय आलं असेल? बायकांनी स्कर्ट घालून खेळावं! कारण काय, तर टीव्हीवर पाहणाऱ्यांना बायका आणि पुरुष यांतला फरक कळत नाही. आयर्लंडच्या केटी टेलरने सरळ नकार दिला. बराच गदारोळ झाला आणि शेवटी स्कर्ट ऐच्छिक ठरला. त्याआधी 1998 मध्ये इंग्लंडच्या जेन काउच हिला व्यावसायिक परवान्यासाठी भांडावं लागलं होतं. परवाना नाकारणाऱ्यांनी जी कारणं पुढे केली, त्यात मासिक पाळीच्या आधी बायकांचा तोल सुटतो हेही एक होतं. काउच ती केस जिंकली. हे सगळं अशासाठी सांगतोय, की रिंगणाबाहेर क्लॅरेसाची गाठ कोणाशी होती ते लक्षात यावं.

तर लंडन. त्याआधी चीनमधल्या जागतिक स्पर्धेत ती इंग्लंडच्या सव्हाना मार्शलकडून हरली होती. मार्शल त्या स्पर्धेत पुढे जात राहिली, तरच हिला लंडनला जाता येणार होतं. जिने हरवलं, तिच्याच विजयासाठी देव पाण्यात घालून बसायचं! लंडनला क्रचफील्डना तिच्या कॉर्नरमध्ये, म्हणजे फेऱ्यांच्या मधे बॉक्सर बसते त्या कोपऱ्यात, उभं राहता आलं नाही, तिथे संघाचे प्रशिक्षक होते. अंतिम फेरीत समोर रशियाची नादेझ्दा तोरलोपोवा, 33 वर्षांची. क्लॅरेसा 17 वर्षांची. निकाल 19-12. अमेरिकेच्या पुरुष बॉक्सरांना त्या ऑलिंपिकमध्ये एकही पदक मिळालं नाही, आणि ही शाळकरी मुलगी सोनं घेऊन घरी आली.

घरी आली आणि काहीच झालं नाही.

म्हणजे फुलं झाली, मिरवणूक झाली. पण फोन वाजेना. अमेरिकेत ऑलिंपिक समितीला थेट सरकारी पैसा मिळत नाही. ती प्रायोजकांवर चालते, खेळाडूही प्रायोजकांवरच जगतो. सुवर्णपदकाचं बक्षीस तेव्हा 25 हजार डॉलर. त्यावर कर्ज, घर, भावंडं असा सगळा संसार. बाकी कमाई जाहिरातींची. त्याच लंडनमध्ये सोनं जिंकलेली जिम्नॅस्ट गॅबी डग्लस कॉर्न फ्लेक्सच्या खोक्यावर झळकली. क्लॅरेसाला कुणी विचारलं नाही. का, याचं उत्तर चित्रपटातल्या सगळ्या ठोशांपेक्षा जास्त जिव्हारी लागतं. तिच्यावर आधी 'टी-रेक्स' नावाचा माहितीपट झाला होता. त्यात एक बैठक आहे, तीच या चित्रपटातही येते. वरिष्ठ मंडळी तिला समजावतात की मुलाखतीत 'मला लोकांना ठोकायला आवडतं' असं म्हणू नकोस. आता बघा, ही बॉक्सर आहे! तिने काय सांगायचं, मला रांगोळी काढायला आवडते? पुरुष बॉक्सर हेच वाक्य बोलला तर तिकिटं खपतात. मुलीने मारावंही, पण मारताना तिला मजा येते हे कुणाला दिसू नये. थोडं हसावं, केस सोडावेत. बाजाराला बॉक्सर नकोच होती, ग्लोव्हज घातलेली एक गोड मुलगी हवी होती.

इथे ती हट्टाला पेटते. बैठकीत ती ऐकून घेते, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच बोलते. प्रशिक्षणासाठी महिला बॉक्सरांना पुरुषांपेक्षा कमी भत्ता मिळतो, हा मुद्दाही ती उचलून धरते. चित्रपटाचा शेवट याच लढतीभोवती आहे. त्यात रिंगण नाही, घंटा नाही, समोर टेबल आणि कागद.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे 'मेरी कोम' झालाच की, 2014 मध्ये. झाला, आणि चांगला चालला. प्रियंका चोप्राने मेहनतही केली. पण तो बघा कुठे संपतो. 2008 च्या चीनमधल्या जागतिक विजेतेपदावर. चित्रपट आला तेव्हा लंडनचं ब्राँझ मिळून दोन वर्षं झाली होती, तरी ते त्यात नाही. आणि अंतिम लढतीच्या वेळी मुलाच्या हृदयाच्या आजाराचा प्रसंग जोडलाय, जो प्रत्यक्षात काही वर्षांनंतरचा. जुळवाजुळव सगळेच करतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती कशासाठी केली, हे मात्र विचारायला हवं. आई म्हणून तिचा जीव टांगणीला लागल्याशिवाय तिचा ठोसा आपल्याला पुरेसा वाटत नाही, असं निर्मात्यांना वाटलं. क्लॅरेसाला समजावणाऱ्या त्या बैठकवाल्या मंडळींहून हे फार वेगळं आहे का? क्लॅरेसाला गोड व्हायला सांगितलं, मेरीला आई करून दाखवलं. ती आई होतीच, प्रश्न तो नाही. जुळ्या मुलांनंतर परत येऊन जिंकणं, हाच केवढा मोठा शारीरिक पराक्रम होता. तो पडद्यावर अश्रूंच्या आड गेला.

हां, एका बाबतीत आपली गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे पदकानंतर सरकार येतं: रोख बक्षीस, पोलिसातली नोकरी, पद्म पुरस्कार. मेरीला ते मिळालं, तेही फार झगडून. पण हे अलीकडचं. खाशाबा जाधव आठवा. कराडजवळच्या गोळेश्वरचे. 1952 मध्ये हेलसिंकीला ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. जाण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. परतल्यावर शंभरहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग? खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, आणि त्या पैशातून खर्डेकरांचं कर्ज फेडलं. पोलिसात सब-इन्स्पेक्टरची नोकरी मिळाली 1955 मध्ये. अर्जुन पुरस्कार मिळाला तोवर ते हयात नव्हते. बैलगाड्यांची गोष्ट आपण दरवर्षी सांगतो. कर्ज फेडण्यासाठी ऑलिंपिकवीराने घेतलेल्या त्या कुस्त्यांवर कुणाला प्रसंग लिहावासा वाटला तर तो मला आधी वाचायला द्यावा.

'द फायर इनसाइड'मध्ये उणिवा आहेत. आईचं पात्र दोन-तीन प्रसंगांत उरकलंय. बालपणी तिच्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल क्लॅरेसा स्वतः उघडपणे बोललेली आहे, चित्रपट त्याला जेमतेम स्पर्श करतो. माझी मुख्य कुरकुर मात्र शेवटच्या पाट्यांबद्दल आहे. पुढचं सगळं त्या पाट्यांवर येतं. 2016 मध्ये रिओला पुन्हा सुवर्ण, आणि लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकणारी ती अमेरिकेची पहिली बॉक्सर, पुरुष धरूनसुद्धा. मग व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये एकामागून एक वजनगट.

आणि या सगळ्यात एक लढत अशी आहे की तिच्यावर अख्खा चित्रपट व्हावा. चीनमध्ये जिने हरवलं ती मार्शल आठवतेय ना? कारकिर्दीतली ती क्लॅरेसाची एकमेव हार. दहा वर्षांनी दोघी व्यावसायिक बॉक्सर म्हणून समोरासमोर आल्या, लंडनमध्येच, ओ टू अरिनामध्ये. तारीख ठरली 10 सप्टेंबर 2022. दोन दिवस आधी राणी एलिझाबेथ वारल्या आणि लढत पुढे ढकलली गेली. वजन उतरवून, शरीर सुकवून तयार झालेल्या दोघींना पुन्हा पाच आठवडे सगळं सांभाळावं लागलं. 15 ऑक्टोबरला लढत झाली. त्या रात्रीच्या सगळ्या लढती बायकांच्याच होत्या, आणि अरिना गच्च भरलेला. मार्शल उंच, हात लांब, ठोसा जड, प्रेक्षक तिच्या बाजूचे. क्लॅरेसा तशीच, डोकं हलवत जॅबच्या खालून आत. दहा फेऱ्या, आणि तिन्ही पंचांनी कौल दिला क्लॅरेसाला.