कपात भाजी किती आणि हवा किती

एक कप पाणी म्हणजे किती ग्रॅम, याचं उत्तर पक्कं आहे. कप २४० मिलिलिटरचा असेल तर २४० ग्रॅम. पण एक कप कांदा म्हणजे किती ग्रॅम, असं विचारलं की दहा जण दहा आकडे सांगतात, आणि ते दहाही बरोबर असू शकतात.

कांद्यात सुमारे ८९ टक्के पाणीच असतं. गाजर, कोबी, टोमॅटो यांचंही तसंच. म्हणजे भाजीचा तुकडा जवळजवळ पाण्याइतकाच जड. तरीही अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषणतक्त्यात कपभर चिरलेल्या कांद्याचं वजन १६० ग्रॅम दिलेलं आहे. मग उरलेली जागा कशाने भरली? तुकड्यांमधल्या हवेने. कपाचा जवळपास एक तृतीयांश भाग हवेचा! तोच कांदा काप करून भरला तर तक्ता ११५ ग्रॅम म्हणतो. कांदा तोच, कप तोच, बदलली ती फक्त सुरी चालवण्याची पद्धत. म्हणून मी आग्रहाने सांगते, नुसत्या भाजीच्या नावापुढे ग्रॅम लिहिलेला तक्ता वापरू नका. भाजी कशी चिरली आहे हे त्यात लिहिलेलं असलंच पाहिजे.

पालेभाजीत हे टोकाला जातं. कच्चा पालक कपभर घेतला तर ३० ग्रॅम, शिजवलेला घेतला तर १८०. सहापट फरक. कृतीत ‘२ कप पालक’ एवढंच लिहिलेलं असेल, तर आधी तो कच्चा की शिजवलेला हे शोधा. वजनाचा हिशेब त्यानंतर.

तुकडे बारीक केले की कपात नेहमीच जास्त मावतं, असा सर्वांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. एकाच आकाराचे चौकोनी तुकडे सारख्या प्रमाणात लहान केले, तर फटीही तेवढ्याच लहान होतात, पण त्यांची संख्या वाढते. फरक पडतो तो मुख्यतः कपाच्या कडेला, कारण मोठे तुकडे भिंतीला नीट टेकत नाहीत. खरी भर पडते लहानमोठे तुकडे एकत्र असले की. मोठ्यांच्या फटीत लहान जाऊन बसतात. उलट लांब, पातळ काप एकमेकांवर आडवेतिडवे अडकतात आणि हवा धरून ठेवतात. किसलेलं गाजर म्हणूनच कपाला ११० ग्रॅम भरतं आणि चिरलेलं १२८.

कप २४० मिलिलिटरचा की २५० चा, यावर बरीच चर्चा होते. तो फरक ४ टक्क्यांचा. कांद्याच्या दोन चिरण्यांतला फरक आत्ताच पाहिला, त्यापुढे हा किरकोळ आहे.

सगळ्यात चांगला तक्ता तुमचा स्वतःचा. रिकामा कप काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. भाजी नेहमी चिरता तशीच चिरा, न दाबता भरा, शीग काढून टाका आणि वजन घ्या. कप रिकामा करून पुन्हा दोनदा भरा. तिन्ही वजनांची सरासरी धरा. वजन साल, देठ, बिया काढल्यानंतरचं हवं. बाजारातून आणलेल्या भाजीचं वजन वेगळं, चिरून तयार भाजीचं वेगळं.

हा खटाटोप कुठे करायचा? कोबी मिठात आंबवताना नक्की करा. तिथे मीठ साधारण कोबीच्या वजनाच्या २ टक्के धरतात. तक्त्यात कपभर किसलेला कोबी ७० ग्रॅम, चिरलेला ८९. आठ कपांना एकदा ५६० ग्रॅम होतात, एकदा ७१२; म्हणजे मीठ ११ ग्रॅम लागेल की १४, हे कपावरून कळत नाही. मीठ कमी पडलं तर नको ते जंतू वाढतात, जास्त झालं तर आंबणं मंदावतं. गाजर किंवा दुधी घातलेल्या केकमध्येही वजनच करा, कारण भाजीबरोबर पिठात पाणी जात असतं. सूपमध्ये मात्र कप खुशाल वापरा; पाणी कमीजास्त करणं शेवटपर्यंत तुमच्या हातात असतं.