पुरुषाचं इस्ट्रोजेन आणि त्याचा लिपिड रिपोर्ट

मंडळी, पुरुषाच्या कोलेस्टेरॉलचा विषय निघाला की सगळं खापर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर फुटतं. त्यात तथ्य आहे. मुलगा वयात येताना त्याचं एचडीएल, म्हणजे ज्याला आपण ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणतो ते, खाली येतं. मुलीचं तसं येत नाही. टेस्टोस्टेरॉनमुळे यकृतातलं हेपॅटिक लायपेज हे विकर (एन्झाइम) वाढतं आणि एचडीएलचा निचरा लवकर होतो.

पण पुरुषाच्या अंगात इस्ट्रोजेन हे बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं हार्मोनही असतं, आणि ते बहुतांशी टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होतं. हे काम अॅरोमटेज हे विकर करतं, मुख्यतः चरबीच्या पेशींत. इस्ट्रोजेन यकृतावरचे एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, रिसेप्टर (ते रक्तातून ओढून घेणारे रेणू) वाढवतं, त्यामुळे रक्तातलं एलडीएल कमी होतं.

1989 साली अमेरिकेत एक छोटा पण फार बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला. वजन उचलणारे अकरा जण. त्यांना सहा आठवडे स्टॅनोझोलॉल या स्नायू वाढवणाऱ्या कृत्रिम स्टिरॉइडच्या गोळ्या आणि सहा आठवडे टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, असं आलटून पालटून दिलं. गोळ्यांनी एचडीएल 33 टक्के घसरलं, एलडीएल 29 टक्के वाढलं. इंजेक्शननं एचडीएल 9 टक्केच उतरलं आणि एलडीएल उलट 16 टक्के कमी झालं! स्टॅनोझोलॉलचं इस्ट्रोजेन होत नाही, शिवाय गोळी आतड्यातून थेट यकृतावर जाऊन आदळते. ‘स्टिरॉइड म्हणजे स्टिरॉइड, सगळी सारखीच’ असं म्हणणाऱ्यांना मी हे आकडे दाखवतो.

आता तुम्ही म्हणाल, मग पुरुषांना इस्ट्रोजेनच का देऊ नये? दिलं होतं. 1966 साली अमेरिकेत ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ सुरू झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आठ हजारांवर पुरुष त्यात होते. पाळी सुरू असलेल्या बायकांना हृदयविकार कमी होतो, त्याअर्थी इस्ट्रोजेन रक्षण करत असणार, असा साधासरळ तर्क. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन काहींना रोज 5 मिलीग्रॅम, काहींना 2.5 मिलीग्रॅम दिलं गेलं. मोठ्या डोसच्या गटात झटके कमी व्हायच्या ऐवजी वाढले, रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या. 1970 मध्ये तो डोस बंद करावा लागला, 1973 मध्ये लहानही. तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेननं ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी चढते, रक्त गोठवणारे घटक वाढतात. नुसत्या कोलेस्टेरॉलकडे पाहणाऱ्याला हे दिसणार कसं? वैद्यकात तर्क कितीही देखणा असला तरी मी त्याच्याकडे जरा संशयानंच बघतो, ते अशा प्रकरणांमुळे.

टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पुरुषांना ते देण्याबद्दल 2023 चा ‘ट्रॅव्हर्स’ अभ्यास आहे. 45 ते 80 वयाचे पाच हजारांवर पुरुष. टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत झटके आणि पक्षाघात प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेलं दिखाऊ जेल लावणाऱ्यांपेक्षा, वाढले नाहीत. हृदयाचे अनियमित ठोके मात्र जास्त आढळले. हा निष्कर्ष उपचार म्हणून घेणाऱ्यांपुरता. जिमवाल्यांचे डोस निराळे.

जिममधली आणखी एक गोष्ट. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेणाऱ्यांची छाती इस्ट्रोजेनमुळे बायकांसारखी वाढू लागली की कुणीतरी अॅनास्ट्रोझोलची गोळी सुचवतं. ती अॅरोमटेजच अडवते. म्हणजे एचडीएल पाडणारं टेस्टोस्टेरॉन भरपूर, आणि एलडीएल उतरवणारं इस्ट्रोजेन बंद. अशा मुलाचा लिपिड रिपोर्ट बिघडला की आई घरातलं तूप बंद करते. मुलानं डॉक्टरांना गोळीचं नाव सांगितलेलंच नसतं.