तीस वॅट पुष्कळ झाले

(ठाण्यात, नौपाड्यातल्या वादक मंडळींपुढे केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे, ‘स्टेजवर वाजवणाऱ्याने कुठला ब्रिटिश व्हॉल्व्ह ॲम्प घ्यावा’. म्हणजे गिटारचा, काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारा ॲम्प्लिफायर. त्यावर येतोच. पण आधी या ॲम्पांचं सोवळं जरा उतरवू द्या. आपल्याकडची पोरं ‘ब्रिटिश टोन’ असं म्हणतात आणि आवाज खाली आणतात, गाभाऱ्यात शिरल्यासारखा.

अहो, तो टोन निघाला काटकसरीतून! जिम मार्शल हा ड्रमर, ड्रम शिकवणारा मास्तर. १९६० मध्ये त्याने लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकं अमेरिकन फेंडर कंपनीचे ॲम्प मागायची आणि ते तिथे भलते महाग पडायचे. मग दुकानात दुरुस्ती करणारा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा तरुण पोरगा यांनी फेंडरच्या बेसमन ॲम्पचं सर्किट समोर ठेवून स्वतःच ॲम्प बांधला. सर्किट जवळजवळ तेच. ट्रान्सफॉर्मर मात्र तिथल्या बाजारात मिळाले ते, आणि पाठ बंद असलेल्या पेटीत सेलेस्टियनचे १२ इंची ४ स्पीकर. तोच मार्शलचा जेटीएम-४५ ॲम्प. नक्कल करायला बसले आणि आवाज निराळाच निघाला.

दुसरा ब्रिटिश ॲम्प व्हॉक्स एसी-३०, त्याची कथाही अशीच. लंडनजवळच्या डार्टफर्डमध्ये टॉम जेनिंग्जची कंपनी, आराखडा डिक डेनीचा. त्यातले ईएल-८४ व्हॉल्व्ह, अहो, घरातल्या रेडिओत असायचे तेच! इथे पांढऱ्या केसांचे लोक बरेच दिसतात, म्हणून सांगतो : मर्फी रेडिओचा कारखाना आपल्या ठाण्यात होता. ते कॅलेंडरवरचं बाळ आठवतंय ना? आणि ईएल-८४ बंगळुरात भारत इलेक्ट्रॉनिक्सही बनवत असे. म्हणजे मालमसाला आपल्याकडेही होता, पण आपण त्यावर बिनाका गीतमाला ऐकत बसलो. (हशा) हसू नका, माझं खरं दुखणं तेच आहे.

दुसरं दुखणं साउंडवाल्यांचं. इथे कुणी असतील तर त्यांनी राग मानू नये. मानला तरी चालेल. घोडबंदर रोडला एका लग्नाचं संगीत होतं. मी माझा एसी-३० च्या धर्तीवर बांधलेला ॲम्प घेऊन गेलो. तीस किलोंच्या वरचं धूड, आणि हॉलची लिफ्ट फक्त वऱ्हाडासाठी. साउंडवाल्या दादांनी ॲम्प पाहिला आणि पहिला प्रश्न केला, “यात ब्लूटूथ आहे?” मी म्हटलं, नाही. “मग रिमोट?” नाही. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते सांत्वनाच्या नजरेने. स्पीकरपुढे एक माइक ठेवा म्हटलं, तर म्हणे माइक संपले, नवरीच्या मावशांना दिलेत. मी चहा घ्यायला गेलो. तेवढ्यात या गृहस्थांनी मागची स्पीकरची वायर काढून, त्या जॅकमधून सरळ मिक्सरला लाइन ओढली, आणि आमच्या कीबोर्डवाल्याला म्हणाले, जरा गिटार जोरात वाजवून दाखवा.

जाणकारांनी इथे ‘अरेरे’ म्हणायला हरकत नाही. व्हॉल्व्ह ॲम्पला स्पीकरचा भार नसताना जोरात वाजवलं, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेजचे असे उसळे येतात की आतलं इन्सुलेशनच फुटतं. फुटलं. जळक्या वार्निशचा वास मावशांपर्यंत गेला. दादा म्हणाले, “जुना माल आहे, व्हायचंच.” भरपाईचं नाव नाही, उलट मिक्सर बिघडला असता म्हणून मलाच दम! पुढे वागळे इस्टेटमधल्या एका रिवाइंडिंगवाल्याने तो ट्रान्सफॉर्मर उलगडला, वेढे मोजले, थरावर थर जसे होते तसे परत गुंडाळले. आज मागे ठेवलाय तो ॲम्प त्याच ट्रान्सफॉर्मरवर चालतो. आणि मला विचाराल तर आधीपेक्षा गोड वाजतो. हा पुरावा नाही, माझा हट्ट आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता भराभरा.

शंभर वॅटच्या नादी लागू नका. ‘द हू’ बँडचा गिटारवाला पीट टाउनशेंड, त्याने १९६५ मध्ये मार्शलकडून शंभर वॅट आणि ८ स्पीकरची एकच पेटी मागितली; उचलणारी माणसं कुरकुरली, तेव्हा ४-४ च्या दोन पेट्या एकावर एक ठेवल्या. त्यांना तेव्हा सगळा हॉल स्टेजवरच्या ॲम्पनेच भरायचा होता. आज स्पीकरपुढे माइक असतो (मावशांनी सोडला तर). शिवाय ५० वॅटचे १०० केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. आणि व्हॉल्व्हची खरी मजा तो ताणल्यावर, म्हणजे आवाज पुरा चढवल्यावर आहे. शंभर वॅटचा ॲम्प गडकरी रंगायतनात ताणाल, तर पहिल्या तीन रांगा उठून तलावपाळीवर जाऊन बसतील.

तेव्हा १५ ते ३० वॅट. खणखणीत, झगझगीत आवाज हवा, तर ईएल-८४ वाला, एसी-१५ किंवा एसी-३० च्या जातीचा. भरीव, खरखरीत रॉक हवा, तर ईएल-३४ व्हॉल्व्हचा, मार्शलच्या घराण्यातला. पॉवर सप्लायमध्ये जीझेड-३४ रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचा डीसी करणारा) असेल, तर जोरात छेडल्यावर व्होल्टेज क्षणभर बसतं आणि सावरतं. ते बोटांना कळतं, हलक्या हाताने वाजवणाऱ्याने जरूर घ्यावा. एसी-३० मध्ये कॅथोड बायस असतो, म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट आपोआप जुळतो; व्हॉल्व्ह बदलताना चौघांचा जुळवलेला संच घातला की झालं. ईएल-३४ वाल्या मार्शलमध्ये मात्र हा बायस दर वेळी लावून घ्यावाच लागतो. नवे व्हॉल्व्ह स्लोव्हाकिया, रशिया, चीनमधून येतात, मिळतात.

प्रश्न बाहेर चहाच्या वेळी घेऊ. ज्यांना ॲम्प वाजवून पाहायचाय त्यांनी या, फक्त मागची फळी कुणी काढू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट बसून राहू शकतात.