वुडस्टॉकचा हरवलेला रमणा

तळ्याच्या या काठावर हा एक दगडी खांब दिसतोय ना, इथेच सहाशे वर्षं राजवाडा होता. येणारे-जाणारे बहुतेक त्याच्याकडे पाठ करून समोरच्या ब्लेनिम पॅलेसचे फोटो काढतात.

ऑक्सफर्डपासून तेराएक किलोमीटरवरचं हे वुडस्टॉक. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला पहिल्या हेन्री राजाने इथल्या रानाला भिंत घातली. घेर सुमारे अकरा किलोमीटर! अशा राखीव रानाला आपल्याकडे रमणा म्हणत. इंग्लंडात रमण्याला सहसा लाकडी कुंपण असे, हेन्रीने सरळ दगड लावला. आणि आत नुसती हरणं नव्हती. सिंह, बिबटे, उंट, शिवाय फ्रान्समधल्या माँपेलियेहून भेट आलेलं एक साळिंदर. ते कुत्र्यांवर काटे सोडतं, असं माल्म्सबरीच्या विल्यम नावाच्या भिक्षूने लिहून ठेवलंय. साळिंदर काटे फेकून मारतं हे छातीठोकपणे सांगणारे आपल्या गावाकडेही भेटतात. प्रत्यक्षात काटे टोचतात आणि तिथेच सुटून राहतात, एवढंच.

शिकारीच्या घराचा पुढे वाडा झाला. 1554 मध्ये मेरी राणीने सावत्र बहिणीला, एलिझाबेथला, इथे नजरकैदेत ठेवलं. वाडा इतका मोडकळीला आला होता, की तिची सोय देवडीवरच्या खोल्यांत करावी लागली. तिने हिऱ्याने खिडकीच्या काचेवर कोरलं म्हणतात : संशय पुष्कळ, शाबीत काही नाही.

मग 1704 मध्ये फ्रेंचांविरुद्धची ब्लेनिमची लढाई जिंकल्याबद्दल ही जहागीर मार्लबरोच्या ड्यूकला, म्हणजे इंग्रज सेनापतीला, मिळाली. नवा महाल, म्हणजे समोरचा ब्लेनिम पॅलेस, बांधणारा वास्तुकार जॉन व्हॅनब्रू जुन्या वाड्यातच राहायला गेला आणि त्याच्या प्रेमात पडला. झाडीतून डोकावणारा हा पडका वाडा महालातून एखाद्या कसलेल्या चित्रकाराच्या चित्रासारखा दिसेल, अशी रदबदली त्याने 1709 मध्ये लेखी केली. पण ड्यूकची बायको, डचेस सारा, पै-पैचा हिशेब मागणारी बाई. चित्रबित्र काही नाही, तिच्या लेखी ती नजरेला खुपणारी पडझड होती. वाडा गेला.

1760 च्या दशकात केपेबिलिटी ब्राउन या बागरचनाकाराने ग्लाइम नदी अडवून हे तळं केलं. त्यात व्हॅनब्रूच्या पुलातल्या खालच्या खोल्याही बुडाल्या.

राहिले ते जुन्या रमण्याच्या हाय पार्क या भागातले ओक. शिकारीसाठी राखलेलं रान, म्हणून तिथे नांगर फिरला नाही. यातले काही मध्ययुगापासून उभे आहेत. खोड आतून पोकळ, फांद्या अर्ध्या वाळलेल्या, आणि शेंड्याला यंदाची पालवी.